हरिबातात्यांचे कान

"शिस्टरबाई, 'अगंबाई' म्हंजी डावीकडं का उजवीकडं?"

जीप थांबवून, ताडपत्रीच्या फटीतून मुंडी बाहेर काढून हरिबातात्या मला विचारत होते. मी गाडीच्या पुढे दहा हातांवर, चिखलात घोट्यापर्यंत रुतलेली, दोन्ही हात वर. चाकाखाली येणारा भलामोठा धोंडा पाहून माझ्या तोंडून जे निघालं ते निघालं होतं.

"तात्या, दगड होता!"

"त्यो आता दिसला मला. पन 'अगंबाई' ऐकून मी ब्रेक मारायचा का गाडी दामटायची? बायकांच्या अगंबाईवर गाडी चालवली तर म्हैन्यात चार येळा दरीत जाईन मी."

मग खाली उतरून, चाकाशेजारी उकिडवं बसून त्यांनी मला शिकवलं. पुढे उभं राहून गाडी काढून देणाऱ्यानं दोनच शब्द बोलायचे. 'येऊ द्या' आणि 'बस'. तिसरा शब्द नाही.

"हळू, थांबा, अहो, जपून, ह्यातलं मला काय ऐकू येत न्हाई. 'बस' म्हनलं की माझा पाय इचार करत न्हाई. आपसूक ब्रेकवर जातो. म्हनून 'बस' उगा म्हनायचं न्हाई."

"आणि मला शिंक आली तर?"

"शिंकंवर गाडी चालती," तात्या म्हणाले आणि पुन्हा चाकामागे जाऊन बसले.

ही सत्त्याऐंशी सालची गोष्ट. मी चोवीस वर्षांची, नर्सिंगचं सर्टिफिकेट ताजं, नोकरी हंगामी. कोयनेच्या पाण्यापलीकडच्या खोऱ्यात वारगाव नावाच्या गावी आमचं आरोग्य केंद्र होतं. केंद्र म्हणजे पत्र्याच्या दोन खोल्या, एक डॉक्टर, एक मी आणि एक जीप. डोंगरात विखुरलेले धनगरवाडे आणि वाड्या, आणि त्यांना जोडणारे रस्ते कागदावर. जीप जुनी होती, पेट्रोलवरची, पण चारही चाकांना जोर देता येणारी. तो जोर देण्यासाठी आधी खाली उतरून पुढच्या दोन्ही चाकांवरची चकती हातानं फिरवावी लागे, मग आत बसून छोटा दांडा ओढायचा. चकती फिरवायचं काम तात्यांनी माझ्या गळ्यात घातलं होतं. मी कुरकुरले तर म्हणायचे, "सुई टोचता ना? मंग ही बी टोचा."

हरिबा निकम, म्हणजे आमचे तात्या, पंधरा वर्षं फौजेत ट्रक चालवून आलेले. पन्नाशीच्या अलीकडे, अंगानं वाळलेले, मिशी मात्र भरघोस. गाडीच्या बाबतीत त्यांचं एक शास्त्र होतं आणि ते शास्त्र ते मोडत नसत. उतारावर क्लच दाबायचा नाही. ज्या गिअरात चढलो त्याच गिअरात उतरायचं. खडबडीत वाटेवर स्टिअरिंगच्या आत अंगठे घालायचे नाहीत, चाकाला धोंडा लागला की स्टिअरिंग गर्रकन फिरतं आणि अंगठा मोडतो. पाण्यात गाडी घालण्याआधी स्वतः पायानं पाणी चालून बघायचं. मी एकदा चिडवलं होतं, "तात्या, काकींना तरी एवढं जपता का?"

"काकीचं बरं हाय. तिला रिव्हर्स गिअर न्हाई, तवा मागं बघायचं काम न्हाई."

मी त्यांच्याकडूनच त्या खोऱ्यात फिरायला शिकले. रात्री खोलीवर एकटी पडले की भीती वाटायची, पण तात्यांच्या जीपमध्ये बसले की वाटायची नाही. वडील असते तर असेच असते, असं मला वाटायचं. हे मी त्यांना कधी सांगितलं नाही.

गणपती विसर्जन होऊन चार दिवस झाले असतील. डॉक्टर जिल्ह्याला मीटिंगला गेलेले. सकाळी आठच्या सुमारास उंबरदांडच्या धनगरवाड्यावरून एक माणूस धापा टाकत आला. त्याची पुतणी ठकू, पहिलटकरीण, माहेरी आलेली. काल दुपारपासून कळा येत होत्या आणि मोकळी होत नव्हती.

आम्ही निघालो. वाटेत एक ओढा लागायचा. ओढ्यावर पूल नव्हता, फरशी होती. म्हणजे पाण्याच्या तळातून काँक्रीटचा सपाट रस्ता, पाणी वरून वाहायचं. जाताना घोटाभर पाणी होतं. फरशीची उजवी कड मात्र आदल्या महिन्यात वाहून गेलेली, तिथे खाली डोह. तात्यांनी जाताना तिकडे नीट पाहून घेतलं. "येताना ही कड डावीकडं येती, ध्यानात ठेवा," ते म्हणाले.

ठकू एकोणीस वर्षांची होती. झोपडीत घोंगडीवर पडलेली, ओठ फुटलेले, डोळे मात्र टक्क उघडे. मी तपासलं. मूल आडवं होतं आणि त्याचा एक हात खाली आलेला. हे माझ्या हातचं काम नव्हतं. ऑपरेशन लागणार होतं आणि ऑपरेशन तालुक्याला, तीस किलोमीटरवर.

"शिस्टर, म्या मरनार का?" तिनं विचारलं.

"वेडी का काय? संध्याकाळी आपण दोघी चहा पिऊ."

तिची आई बयाबाई उंबऱ्यातच उभी होती. नवरा मुंबईला. आम्ही घोंगडीसकट ठकूला जीपच्या मागच्या भागात ठेवलं, शेजारी बयाबाई आणि मी. चुलता म्हणाला, मी चार गडी घेऊन मागनं पायी येतो, कुठं गाडी अडली तर उचलायला. तात्यांनी मान हलवली.

उतरणीला जीप माणसाच्या चालीनं चालली होती. ठकू प्रत्येक हादऱ्याला ओरडत होती. मला राहवेना.

"तात्या, जरा पळवा ना!"

"पळवली तर पोरगी फुटंल, शिस्टर." त्यांनी मागे न बघता सांगितलं. "मी तिला अंड्यावानी नेतोय. तुमी तिच्याकडं बगा."

मी तिच्याकडे बघत होते. नाडी जलद, पण होती. वेळ होता. तालुक्याला पोचलो तर ही पोरगी वाचणार, एवढं मला दिसत होतं. मूल गेलं असावं, ते मी कुणाला बोलले नव्हते.

ओढ्याशी आलो तेव्हा साडेबारा झाले असतील. वर डोंगरात पाऊस लागला होता बहुतेक, कारण आमच्या डोक्यावर ऊन होतं आणि ओढा लाल झाला होता. फरशीचा नुसता पांढुरका पट्टा जाणवत होता.

तात्या उतरले. काठाशी पाण्याला टेकून एक पांढरा दगड ठेवला, धोतराचा काचा मारला आणि काठी घेऊन पाण्यात शिरले. तळ चाचपत थेट पलीकडच्या काठापर्यंत गेले, परत आले. पाणी गुडघ्याच्या वर दोन बोटं. मग त्यांनी त्या दगडाकडे पाहिलं. दगडाचा तळ बुडाला होता.

"चढतंय," ते म्हणाले. "आत्ता न्हाईतर उद्याच्याला."

"जाता येईल?"

"गुडघ्याला असतं तर हसत नेली असती. मांडीला असतं तर नेली नसती." ते ठकूकडे बघत म्हणाले, "हे मधलं हाय."

त्यांनी निर्णय माझ्यावर टाकला नाही. बोनेट उघडून पंख्याचा पट्टा काढला, पंखा पाणी उडवून इंजिन भिजवू नये म्हणून. स्पार्कच्या डबीवर प्लास्टिकची पिशवी घट्ट बांधली. पुढच्या जाळीवर गोणपाट लावलं. मला चकत्या फिरवायला लावल्या आणि स्वतः दोनदा तपासल्या. सगळं पाच मिनिटांत. मग मागे येऊन माझ्याशी बोलले, सावकाश.

"शिस्टर, ऐका. गाडी पान्यात चालती तवा पुढं लाट करती. लाटंच्या मागं खड्डा पडतो, त्या खड्ड्यात इंजिन कोरडं ऱ्हातं. गाडी थांबली की लाट माघारी फिरती अन् इंजिनात. म्हनून मदी थांबायचं न्हाई. पाय हलवायचा न्हाई, गिअर बदलायचा न्हाई."

"बरं."

"पन डावीकडची तुटकी कड मला चाकामागनं दिसत न्हाई. तुमी मागनं वाकून बगायचं. पान्याखाली फरशीचा पांढुरका पट्टा दिसतोय तवर काय बोलायचं न्हाई. पट्टा संपला, काळं पानी दिसलं, तर एकदाच 'बस' म्हना. गाडी बुडाली तरी चालंल, डोहात न्हाई गेली पायजे."

"बस," मी म्हणाले, पाठ केल्यासारखं.

"आत्ता न्हाई," तात्या म्हणाले आणि किंचित हसले.

जीप पाण्यात उतरली. खरंच लाट झाली. गाडीच्या तोंडापुढे लाल पाण्याचा बांध उभा राहिला आणि आम्ही त्याच्यामागून एकसारख्या आवाजात चाललो. मी डावीकडे वाकून पांढुरका पट्टा धरून होते. पट्टा होता. अर्ध्यावर आलो, पट्टा होता. पलीकडचं जांभळीचं झाड स्पष्ट दिसायला लागलं, पट्टा होता.

तेवढ्यात खालून पाणी आलं. जीपच्या तळाच्या फटीतून थंडगार पाणी घोंगडीखाली शिरलं आणि ठकूनं किंकाळी फोडली. बयाबाई ताडकन उठली. लेकीला उचलू पाहत ती डाव्या बाजूला तोल जाऊन बाहेर झुकली आणि सगळी गाडी तिच्याबरोबर कलल्यासारखी मला वाटली. मी तिचा दंड धरला, खाली ओढलं आणि ओरडले,

"बस!"

एवढंच. 'खाली बस' म्हटलं असतं तरी चाललं असतं. 'बस गं' म्हटलं असतं तरी. बयाबाई बसली.

आणि गाडीही थांबली.

तात्यांच्या पायानं विचार केला नाही. लाट माघारी फिरली, बोनेटवरून आत घुसली. इंजिन दोनदा खोकलं आणि गप्प झालं. नंतर फक्त पाण्याचा आवाज.

"कड आली?" तात्या ओरडले.

"नाही!"

ते वळले. मग विचारायला वेळ नव्हता. पाणी सीटला लागत होतं, जीपचं मागचं अंग सरकायला लागलं होतं. तात्यांनी ठकूला खांद्यावर घेतलं, मी बयाबाईला कमरेला धरलं आणि आम्ही पलीकडचा काठ गाठला. माझी औषधांची पेटी अर्ध्यावर हातातून सुटली. ती गोल गोल फिरत डोहाकडे गेली, ते मी पाहिलं.

जांभळीखाली ठकूला ठेवून तात्या परत पाण्यात गेले. जीपच्या तोंडाशी कमरेइतक्या पाण्यात उभं राहून ते हँडल मारत होते. इंजिन लागणार नाही हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत होतं? तरी मारत होते. शेवटी गाडी कडेच्या खुंटाला जाऊन अडकली तेव्हा त्यांनी हँडल सोडलं. बाहेर आले, मला म्हणाले, "वारगावास्नं मानसं आनतो," आणि पळत सुटले. पन्नाशीचा माणूस, अनवाणी, नऊ किलोमीटर.

पलीकडच्या काठावर ठकूचा चुलता आणि चार गडी येऊन उभे राहिले. ओढा आता कमरेच्या वर गेला होता. ते तिकडून हाका मारत होते आणि मी इकडून काहीच सांगू शकत नव्हते.

त्या जांभळीखाली काय झालं ते मी सगळं लिहिणार नाही. पेटी नव्हती, सलाइन नव्हतं, इंजेक्शन नव्हतं. होतं ते माझं लुगडं आणि माझे दोन हात. कळा चालू होत्या आणि मूल येत नव्हतं. तीनच्या सुमाराला आत काहीतरी फाटलं असावं, कारण कळा एकदम थांबल्या आणि ठकूला बरं वाटलं. ती म्हणाली, "आये, आता दुखत न्हाई गं." बयाबाईला आनंद झाला. तिनं जांभळीला हात जोडले. मला त्या बरं वाटण्याचा अर्थ माहीत होता.

पाचाला ती गेली. बयाबाईच्या मांडीवर डोकं होतं.

तात्या सहा माणसं आणि एक बाज घेऊन आले तेव्हा सूर्य खिंडीत होता. त्यांना सांगावं लागलं नाही. त्यांनी बाज खाली ठेवायला लावली, टोपी काढली. पायांची सालं निघाली होती. मग माझ्यासमोर येऊन बसले आणि हळू आवाजात, इतर कुणाला ऐकू जाणार नाही असं विचारलं,

"शिस्टर, 'बस' कोन म्हनलं?"

माझे हात कोपरापर्यंत वाळलेल्या रक्तानं भरले होते. समोर प्रेत. शेजारी आई, जी दुपारपासून एकच म्हणत होती, "म्या उठले म्हनून झालं, म्या उठले म्हनून झालं." ती एकटी सगळ्याचं ओझं घेऊन बसली होती आणि मी तिला ते घेऊ देत होते.

"कुणी नाही, तात्या," मी म्हणाले.

"मला ऐकू आलं."

"कुणी नाही म्हणालं."

ते माझ्याकडे बघत राहिले. त्या बघण्यात संशय असता तर मी तिथेच मोडले असते. पण संशय नव्हता. ते माझ्यावर विश्वास ठेवत होते.

कारणं सांगायला बसले तर पुष्कळ आहेत. नोकरी हंगामी होती. घरी माझ्या पगारावर आई आणि दोन भाऊ. वय चोवीस. एक चूक कबूल केली तर सगळं जाणार, असं वाटलं. पण हे सगळं मी नंतर रचलं. त्या वेळी काही वाटलं नव्हतं. मी भ्याले, एवढंच.

पंधरा दिवसांनी चौकशी झाली. जिल्ह्याहून एक साहेब आले, केंद्राच्या बाकावर बसले. तात्यांनी स्वच्छ इस्त्रीचा सदरा घातला होता.

"पाण्याच्या मधोमध गाडी का थांबवली?"

"मला 'बस' ऐकू आलं, साहेब."

"कोण म्हणालं?"

"कोन न्हाई, साहेब. माझ्या कानाला भास झाला."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "सिस्टर, तुम्ही काही बोललात?"

अजूनही वेळ होता. एक शब्द. तात्या समोरच बसले होते. माझ्याकडे बघतसुद्धा नव्हते, त्यांना माझ्या उत्तराची काळजीच नव्हती.

"नाही, सर."

बयाबाईला कुणी बोलावलंच नव्हतं.

साहेबांनी लिहून घेतलं. पंधरा वर्षं फौजेत काढली असली तरी ज्याला नाही ते ऐकू येतं, त्याच्या हाती सरकारी गाडी कशी द्यायची? तात्यांना गाडीवरून काढून तालुक्याच्या ऑफिसात चौकीदार केलं. बाहेर आल्यावर ते मला म्हणाले, "बरं झालं, शिस्टर. उद्या परत भास झाला अन् गाडीत पाच मानसं असली तर?" आणि माझ्या पाठीवर थोपटलं. मला, पाठीवर.

त्या हिवाळ्यात मी बदली मागून घेतली. कोकणात गेले, कायम झाले, लग्न झालं, बाळंतपणं केली, शेकड्यांनी. कुणी माझ्या हाताचं कौतुक केलं की मी दुसरं काहीतरी बोलायला लागायची. दर वर्षी ठरवायची, दिवाळीत तात्यांना पत्र लिहायचं. एकदा अर्धं लिहिलंही. मला माहीत आहे की पत्र टाकायला पंचवीस पावलं लागतात. ती एकोणतीस वर्षं मला चालता आली नाहीत.

मुदतीआधीच निवृत्ती घेतल्यावर, सोळा साली, मी गेले. वाटलं होतं तात्या नसतील. मनातून, खोटं कशाला सांगू, ते नसावेत असंच वाटत होतं. मग समाधान करून परतता आलं असतं.

तात्या होते. गावाच्या कडेला दोन खोल्यांचं घर, ओसरीवर बाज, बाजेवर ते. ऐंशीच्या जवळ, मिशी पांढरी, नजर बारीक झालेली. अनसूयाकाकी शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांनी मला ओळखलं नाही, नाव सांगितल्यावर ओळखलं.

"अवो, आपल्या वारगावच्या शिस्टरबाई आल्यात!" काकी मोठ्यानं म्हणाल्या.

तात्यांनी तोंड काकींकडे वळवलं. "तू बोललीस का?"

"व्हय, म्याच बोलले. शिस्टर आल्यात."

"आं. या, या."

मला वाटलं, बहिरे झाले. काकींनी माझ्या चेहऱ्यावरून ते ओळखलं असावं. चहा टाकायला आत गेल्या तेव्हा मी मागून गेले, तर चुलीशी बसून त्या म्हणाल्या, "कानं चांगली हाईत, बाई. पान पडलं तरी ऐकत्यात. पन खरं वाटत न्हाई त्यास्नी. हाक मारली की इचारत्यात, 'तू बोललीस का?' पाव्हना आला की इचारत्यात, 'कोन आलंय का खरंच?' चौकीदारीत असताना साहेब हाक मारायचे, अन् हे जागचं उठायचंच न्हाई, भास आसंल म्हनून. त्यापाय बोलनी खाल्ली. पोरांच्या लग्नात मंगळाष्टका चालल्या व्हत्या, तवा माझा पदर वडून इचारलं, 'म्हनत्यात ना गं?'"

त्या हे कुरबुर म्हणून सांगत नव्हत्या. सवयीचं झालेलं सांगत होत्या.

"आनि एक सांगू? नातवंडं मुद्दाम हाक मारून लपायची. 'आजोबा!' हे उठायचं, बगायचं, परत बसायचं. 'कोन न्हाई ना?' मला इचारायचं. पोरांचा खेळ मोडू नये म्हनून म्या बी म्हनायचे, 'कोन न्हाई.'" काकींनी पदरानं कपबशी पुसली. "हसायचे म्या, बाई."

मी चहा न घेता ओसरीवर आले. आता थांबले तर पुन्हा चालू शकणार नाही, हे कळत होतं. तात्यांच्या बाजेजवळ जमिनीवर बसले. काकी कपबशी घेऊन दारात आल्या होत्या.

"तात्या," मी म्हणाले, "त्या दिवशी ओढ्यात 'बस' मी म्हणाले होते. बयाबाई उठली म्हणून तिला म्हणाले. तुम्हाला भास झाला नव्हता. मी खोटं बोलले. तुमच्यापाशी पण आणि साहेबांपाशी पण."

आयुष्यभर पाठ केलेलं भाषण पुष्कळ लांब होतं. तोंडून एवढंच आलं.

 मला वाटलं, आता शिव्या देतील. हात उगारतील. मी ते सगळं घ्यायला आले होते.

त्यांनी सावकाश मान वळवली. माझ्याकडे नाही. दारात उभ्या काकींकडे.

"काय गं," ते म्हणाले, "ही आत्ता बोलली का?"

काकी कपबशी धरून एक पाऊल पुढे आल्या. त्या माझ्याकडे बघत होत्या. त्या बघण्यात जे होतं ते मी त्यांच्याकडून घेतलं आहे आणि अजून माझ्यापाशी आहे.

"बोलली," काकी म्हणाल्या.

"खरंच बोलली?"

"व्हय. म्या ऐकलं. सगळं ऐकलं."

 तात्यांनी हात वर करून उजव्या कानाला लावला, जसं दुसऱ्या कुणाचं काही सापडावं तसा चाचपून पाहिला.

"मंग माझं कान बरं व्हतं," ते म्हणाले. आणि लगेच, घाईनं, काकींना, "अनसा, माझं कान बरं व्हतं गं तवा."

"व्हय," काकी म्हणाल्या. "बरंच व्हतं."

ऐंशी वर्षांचा माणूस तोंड उघडं टाकून रडला. आवाज काढून, लहान मूल रडतं तसा. काकींनी बशी खाली ठेवली आणि त्यांचं डोकं पोटाशी धरलं.  थोड्या वेळानं मी उठले, चपला घातल्या आणि अंगणातून बाहेर पडले. मागून मला कुणी हाक मारली नाही.